मुळ्याची पानं

यंदाची पेरणी तू करायचीस, असं आईने सांगितलं तेव्हा ती उशांना टेकून बसली होती आणि मावशी मागून तिची वेणी घालत होती. वेणी कसली, उरल्यासुरल्या केसांची शेपटी. सांगण्याचा सूर असा, की जणू येताना दूध घेऊन ये म्हणतेय. मुलगी खिडकीशी प्रुफं तपासत बसली होती. तिने मान वर करून विचारलं, मी?

मग काय ही, म्हणून आईने भुवईनेच मागे मावशीकडे खूण केली. मावशीच्या हातून कुंडीतली टवटवीत रोपंसुद्धा पंधरवड्यात माना टाकतात, हे घरात सर्वांना ठाऊक होतं.

मुलीचाही मातीशी संबंध नव्हता. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, आणि तिथून घरी आली की उरलेला वेळ स्वतःसाठी वाचायची. लहानपणी जेवताना, न्हाणीघराच्या दाराशी, अगदी आईच्या शिलाई मशीनखाली बसूनही तिचं वाचन चाले. म्हणून आईने तिचं नाव ‘शहाणी’ ठेवलं होतं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे चाळिशी उलटली तरी तिला नीटसं कळलेलं नव्हतं.

“अगं शहाणे,” आई म्हणाली, “तुला मी भोपळे पिकवायला सांगत नाही. मुळे टाक. बाकी आलं तर आलं. यंदाचा एक मुळा माझ्या तोंडात पडला, की मग माझं काही म्हणणं नाही.”

मावशीचा हात केसांतच थांबला. मुलीने पुन्हा प्रुफात डोकं घातलं, पण अक्षरं दिसेनात. आई उन्हाळ्यापर्यंत तरी काढेल ना, असं तिने डॉक्टरांना आदल्याच आठवड्यात विचारलं होतं, आणि डॉक्टर टेबलावरचं पेन सरळ करत राहिले होते. मुळ्याला फार दिवस लागत नाहीत. आईने हिशेब केला होता तर.

आईचा जमिनीचा तुकडा रेल्वेच्या रुळांपलीकडे होता. नगरपालिकेने तिथल्या पडीक जागेत कुंपण घालून लहान लहान तुकडे पाडले होते आणि भाजीपाल्यासाठी लोकांना वाटले होते. आईने शिवणाचं दुकान बंद केलं त्या वर्षी तिलाही एक मिळाला. दुकानातलं भलंमोठं कापड बेतायचं टेबल कुणी विकत घेईना, तेव्हा तिने ते सुताराकडून सुटं करून घेतलं आणि त्याच्या फळ्या हातगाडीवर घालून तिकडे नेल्या. तुकडेवाले तिला टेलरबाई म्हणत. ओळी सुताने आखणारी, दोन रोपांतलं अंतर मापाच्या फितीने मोजणारी ती एकटीच.

त्या मुलखात थंडी लांबायची. झाडांना पालवी फुटली तरी पहाटे गवत पांढरं झालेलं असे. म्हणून नवशिक्याने काय लावावं याबद्दल आईची मतं पक्की होती, आणि ती तिने पलंगावरूनच सांगितली. टोमॅटो-मिरचीच्या नादी लागू नकोस, ती आपल्याकडे रुसून बसतात. मुळा, पालक, वाटाणा, लेट्यूस, बीट, गाजर. ही थंडी सोसणारी आणि भोळी पिकं. चूक झाली तर पोटात घालतात.

मग तिने गुडघ्यावरची रजई तळहाताने सारखी केली, तिच्यावर दोन बोटांनी उंचवटे काढले आणि झाला वाफा तयार. नखाने रेघ मारून म्हणाली, ही मुळ्याची. बी अर्ध्या पेराइतकं खोल, त्याहून जास्त नको. ही वाटाण्याची, ती बोटाच्या दोन पेरांवर. ही गाजराची. गाजराचं बी महाआळशी. उगवायला इतके दिवस लावतं की तोवर वरची माती सुकून जाते. म्हणून पाणी घालून त्या ओळीवर फळी ठेवायची. रोज उचलून बघायची. हिरवा ठिपका दिसला की फळी काढून टाकायची, त्यात आळस नाही करायचा. मुलगी ऐकत होती. औषधांच्या वासाच्या त्या खोलीत रजईवर एक अख्खी बाग उभी राहिली, आणि आईने पाय हलवल्याबरोबर विस्कटली.

“लिहून घे हवं तर,” मावशी म्हणाली.

“ती कशाला लिहिते? तिला सगळं पाठ असतं,” आई म्हणाली. या खेपेला त्यात कौतुकच जास्त होतं.

पेरणीच्या दिवशी हवा स्वच्छ होती, पण माती हाताला गार लागत होती. शेजारच्या तुकड्यात एक म्हातारे गृहस्थ कांद्याची रोपं लावत होते. भर बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते आता त्यांचा जावई बघायचा. त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. टेलरबाईंची मुलगी का, असं विचारून त्यांनी आईची चौकशी केली, आणि उत्तर ऐकून हातातलं रोप खाली ठेवलं. मग म्हणाले, काही लागलं तर हाक मार. न विचारता ते काही सांगणार नव्हते. त्या कुंपणाच्या आत एकच दंडक होता: दुसऱ्याच्या तुकड्यात बोट घालायचं नाही. कुणाचं गवत वाढो, कुणाचं पीक करपो. वर्षानुवर्षं तिथे भांडणं झाली नव्हती, ती या दंडकामुळेच.

मुलीने सुताने ओळी आखल्या. बी आईच्या बटणांच्या डब्यांतून आणलं होतं. पेरून झालं, पाणी घातलं, गाजराच्या ओळीवर फळी ठेवली. फळीवर अजून कात्रीचे ओरखडे होते, आणि एका कडेला शाईने काढलेलं बदक. ते तिनेच काढलं होतं, शाळेत जायच्याही आधी.

आणि मग ती उभी राहून विचार करू लागली. बी उगवायला ओल लागते, ऊब लागते, अंधार लागतो, हे तिने वाचलं होतं. फळीखाली हे तिन्ही मिळतं. मग ते आळशी गाजरालाच का द्यायचं? ज्या मुळ्यावर सगळी भिस्त, तो उघड्यावर काकडत पडणार का? दोन फळ्या कुंपणाला टेकून रिकाम्याच होत्या. तिने त्या उचलून मुळ्याच्या ओळीवर नीट, एकीला एक लावून ठेवल्या आणि हात झटकले. घरी जाताना तिला कित्येक दिवसांनी बरं वाटत होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी आईला श्वास घेता येईना. इस्पितळात नेलं, नाकाला नळी लावली, पाठीतून पाणी काढलं. मुलगी आणि मावशी आळीपाळीने तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसत. या सगळ्यात फळ्या तिच्या डोक्यातून साफ गेल्या. आठवण झाली ती आईनेच करून दिली. नळी काढली त्या दिवशी, घसा बसलेला असताना, आईचं पहिलं वाक्य होतं, “उगवले का गं?”

मुलगी इस्पितळातून थेट तुकड्यावर गेली. फळी उचलली, तेव्हा आधी तिला वाटलं की खाली कुणीतरी दोरे टाकलेत. पांढुरके, पिवळट, एकमेकांत गुंतलेले. मुळे उगवले होते. सगळेच्या सगळे उगवले होते. मान वर काढायला जागा न मिळाल्यामुळे ते लाकडाला घासत, आडवे पसरत, फटीतला उजेड शोधत गेले होते, आणि काही फळीला चिकटूनच वर आले. गोगलगायी त्यांच्यावर ताव मारत होत्या. तिने एक दोरा उचलला. बोटांत त्याचं पाणी झालं.

घड्याळकाका पलीकडे उभे होते. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “मला वाटलं, तुझ्या आईनेच सांगितलं असेल. तिचं काहीतरी नवीन असेल.”

  तिने शहाणपण केलं होतं आणि ते सपाट झालं होतं. तिने फळ्या पालथ्या घातल्या आणि ती निघून आली. ओळ पुन्हा पेरावी असं तेव्हा तिच्या मनातही आलं नाही. नव्याने पेरलेलं वाढेपर्यंत आई असणार नाही, हा हिशेब तिलाही करता येत होता.

घरी आणल्यावर आईने पुन्हा विचारलं. मुलगी चादरीचा कोपरा गादीखाली खोचत होती. खोचता खोचता म्हणाली, हो, उगवले की.

एकदा हो म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानेच आलं. पानं कशी आहेत? दोन, बदामाच्या आकाराची. हे तिने वाचलं होतं. दाट झालेत का? हो, थोडे. मग विरळ कर, मायेत पडू नकोस, बोटबोट अंतर ठेवून बाकीचे उपटून टाक. केले विरळ. पाऊस? झाला थोडा. रोज छापखान्यातून येताना मुलगी तुकड्याच्या रस्त्याने न येता मुद्दाम बाजारातून यायची, घराच्या पायरीवर चपलांना थोडी माती लावायची, आणि वर येऊन आज काय काय वाढलं ते सांगायची. पालक आणि वाटाणे खरोखरच उगवले होते, आईने म्हटल्याप्रमाणे त्यांनी सगळं पोटात घातलं होतं. पण तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आई डोळे मिटून ऐकायची. कधी मध्येच हसायची. मावशीला सगळं माहीत होतं. स्वयंपाकघरात तिने एकदा भाचीला गाठलं आणि हळूच म्हणाली, पुस्तकात वाचून मुळे आले असते, तर आतापर्यंत तुझी गाडी भरली असती. बोलली, आणि लगेच पदर डोळ्यांना लावला.

आईचं खाणं आता चमच्यावर आलं होतं. पेज दोन चमचे, की मान फिरवायची. बोलणंही कमी झालं. एका सकाळी तिने मुलीचं मनगट धरलं आणि विचारलं, “एखादा काढण्याजोगा झाला असेल का?”

“बघते,” मुलगी म्हणाली.

ती बाजारात गेली. लाल, गोल मुळ्यांच्या जुड्या मांडलेल्या होत्या. तिने बराच वेळ निवड केली. आई घरी मुळे आणायची ते नेहमी पानं काढलेले असत. पानं ती तिकडेच खताच्या ढिगावर टाकून यायची. पण पानांसकट नेला तर मुळा आत्ताच उपटल्यासारखा दिसेल, असा विचार करून मुलीने सर्वांत टवटवीत पानांची जुडी घेतली. हिरवीगार, लांब, ताठ पानं. मग ती रूळ ओलांडून तुकड्यावर गेली, पाच मुळे सुटे केले, आणि आईच्या वाफ्यातली ओली माती त्यांना चोळली. मुळांच्या शेपट्यांनासुद्धा. घड्याळकाका त्या दिवशी नव्हते, ते बरंच झालं.

आईने मुळे रजईवर ठेवायला सांगितले. माती लागेल, मावशी म्हणाली. लागू दे, आई म्हणाली. तिने एक उचलला, नाकाशी नेला. मग त्याची पानं हातात घेतली. एकेक पान बोटांवर पसरून, उलटं करून, पुन्हा सुलटं करून ती बघत होती. शिवून झालेला कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी ती शिवण अशीच दोन्ही बाजूंनी तपासायची.  माती आपल्या वाफ्यातली आहे, शेपटीसुद्धा शाबूत आहे, कुठे म्हणजे कुठे चूक नाही, असं मुलगी मनाला सांगत राहिली.

“पानं छान राखलीस,” आई म्हणाली.

मग तिने मीठ मागितलं. मुलीने मुळा धुऊन पातळ चकत्या केल्या. आईने एक तोंडात ठेवली. ती चावायला तिला फार वेळ लागला. गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. गिळून झाल्यावर तिने बोटाने अजून एक मागितली. आणि मग तिसरी. मावशीने तोंड दुसरीकडे फिरवलं. दोन चमच्यांपुढे पेज न जाणारी बाई मुळा खातेय, हे बघून मुलगी मात्र इतकी हरखली, की आपण खोटं बोललोय हेही काही वेळ विसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला जरा हुशारी वाटत होती. काही विचारलेलं नसताना ती एकदम म्हणाली, “मुळ्याची पहिली ओळ निघाली की लगेच दुसरी टाकायची असते. उद्याच टाक.”

“टाकते.”

“मोकळी टाक. फळ्या गाजरांवरच. मुळ्यावर नको.”

मुलीने हातातला पेला खाली ठेवला. तिने विचारलं, असं का म्हणतेस?

“सगळ्यांनाच सांगते,” आई म्हणाली. “नवीन माणसाला वाटतं, झाकलं की जपलं.” आणि तिने डोळे मिटून घेतले.

त्यानंतर तिने तुकड्याची एकदाही चौकशी केली नाही. ना वाटाण्याची, ना गाजराची. औषधाची गुंगी असेल, असं मुलगी धरून चालली. पण सांगितलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी ती गेली आणि मुळ्याची ओळ पेरली. मोकळी, उघडी, अर्ध्या पेरावर. गाजरंही पुन्हा पेरून त्यांच्यावर बदकाची फळी ठेवली, आणि छापखान्यात जाताना ती रोज उचलून पाहू लागली.

मुळ्याला दोन पानं फुटली त्या आठवड्यात आई गेली. दुपारची वेळ होती, मावशी रजईची खोळ बदलायला म्हणून खुंटीकडे वळली, तेवढ्यात. मुलगी उशाशी होती. दोन पानं आल्याचं तिने त्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं. ते खरं होतं, पण सांगताना तिला आधीच्यासारखं रंगवून सांगता आलं नाही. नुसतं म्हणाली, दोन पानं आलीत. आईने हाताची बोटं थोडी हलवली होती.

मग माणसं आली, गेली. मावशी काही दिवस राहिली. आईची औषधं पिशवीत भरून इस्पितळात परत दिली, पलंग भिंतीला लावला, मशीनवर चादर घातली. मावशी निघताना म्हणाली, तुझ्या हातून तिचा शेवटचा मुळा खाऊन झाला, हे काय थोडं आहे? तिला खरं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, हेच बरं. मुलीनेही तेच उराशी धरलं होतं. सगळं हातचं गेलं होतं, पण आईची एक इच्छा पुरी झाली आहे असं आईला तरी वाटलं होतं. तेवढ्यावर ती सकाळी उठत होती आणि रात्री निजत होती. छापखान्यात पुन्हा जायला लागली, तर चुका दिसेनात. एका पुस्तकाचं एक पान अख्खं निसटलं, आणि मालकांनी ते पुस्तक दुसऱ्याकडे दिलं.

तुकड्यावर जायचं ती टाळत होती. शेवटी एका रविवारी गेली, कारण जागा ठेवायची की सोडायची ते नगरपालिकेला कळवायचं होतं, आणि सोडायची असं तिने ठरवलं होतं.

वाटाण्याचे वेल आधार न मिळाल्यामुळे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. पालकाला तुरे आले होते. गाजराच्या ओळीवर फळी नव्हती. ती कुंपणाला टेकवून ठेवलेली होती, बदक वरच्या बाजूला, आणि ओळीत बारीक, शेपूसारखी पानं वाऱ्यावर हलत होती. तिने शेजारी पाहिलं. घड्याळकाका कांद्याच्या ओळीत उकिडवे बसले होते.

“मी काढली,” ते म्हणाले. “हिरवं दिसायला लागलं होतं. तू येईनास.” आणि मग, गुन्हा कबूल केल्यासारखे, “या जागेत मी आजवर दुसऱ्याच्या कशाला हात लावलेला नाही. पहिल्या वेळी पण लावायला हवा होता.”

तिने मान हलवली. ती मुळ्याच्या ओळीशी बसली. मातीतून लाल खांदे वर आलेले दिसत होते, चांगले मोठे. पण पानं? पानांची चाळण झाली होती. एकेका पानाला शेकड्याने भोकं, टाचणीने टोचल्यासारखी. तिने पान बोटांवर पसरलं तर त्यातून खालची कातडी दिसली. तिळाएवढा एक काळा किडा टुणकन उडाला.

“यांना काय झालं?” तिने विचारलं.

“कुठे काय? मुळ्याची पानं आहेत.”

“ही भोकं.”

“ते बारीक भुंगेरे. इथे सगळ्यांकडेच आहेत.” काका हात पुसत बांधापर्यंत आले. “तुझ्या आईने राख टाकून पाहिली, बारीक कापड घालून पाहिलं. शेवटी म्हणाली, करू देत त्यांना जाळीकाम, आपल्याला खालचा भाग मिळतो ना. म्हणून तर पानं इथेच मोडून टाकायची. घरी न्यायची लाज वाटते म्हणायची.”

“दरवर्षी असंच?”

“दरवर्षी.”

“एकसुद्धा पान कोरं राहत नाही?”

काका हसले. “दुकानातली राहतात.”

 पान अजून तिच्या बोटांवर होतं. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. दोन्ही बाजूंनी भोकं सारखीच होती. आईनेही असंच पाहिलं होतं, सावकाश, एकेक. आणि तिला तेव्हाच सगळं समजलं होतं. ओळ मेली आहे, मुलगी बाजारात जाऊन आली आहे, माती चोळायला इथवर चालत आली आहे, हे सगळं. आणि हे समजल्यावर तिने मीठ मागितलं होतं. एक चकती मुलीसाठी चावली, ती पुरली नाही असं वाटून दुसरी, आणि मग तिसरी. ज्या गळ्यातून पेजही धड उतरत नव्हती त्या गळ्यातून. यंदाचा मुळा तिच्या तोंडात पडलाच नव्हता. तो हा इथे, आता तयार झाला होता.

काका परत आपल्या कांद्यांकडे वळले होते. मुलीने मुळा धरून ओढला. तो सहज आला, जरा जास्तच सहज, त्यामुळे ती मागे कलंडली आणि हात मातीत टेकला. पानं मोडायला तिने बोटं वळवली आणि तशीच सोडली. मुळा पदराला पुसला आणि धुतल्यावाचून, मिठावाचून, तिथेच बसल्या बसल्या त्याचा चावा घेतला. जिभेपासून नाकापर्यंत झणका गेला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते तिने पुसलं नाही. एक मुळा संपवला, मग दुसरा काढला आणि तोही खाल्ला.

“तिखट आहेत का?” काकांनी तिकडूनच, पाठमोऱ्यानेच विचारलं.

“फार.”

“पाणी कमी पडलं त्यांना. चार दिवस पाऊस नाही.”

 तिने उठून कुंपणाला अडकवलेली झारी काढली आणि ती नळाकडे निघाली.